न निवणारा उजेड

ज्या दालनात काजव्यालासुद्धा मज्जाव होता, तिथे हिरवा उजेड दिसत होता.

बाहेर भर दुपार होती. वाघबीळ डोंगरावर ऊन रणरणत होतं. पण डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या देखरेखीच्या खोलीत खिडक्या घट्ट लावलेल्या होत्या आणि केतकी एका छोट्या स्क्रीनसमोर श्वास रोखून बसली होती. स्क्रीन काळीकुट्ट होती. त्या काळ्यात, खाली डाव्या कोपऱ्यात, एक हिरवट डाग होता. पुसट, इतका पुसट की बघता बघता तो नाहीसाच होईल असं वाटावं. तो हळूहळू मंद होत गेला. आहे की नाही अशा बेताचा उरला. आणि मग केतकीच्या डोळ्यांदेखत तो क्षणभर मिटला आणि एकदम पुन्हा उजळला.

तिच्या अंगावर सरसरून काटा आला.

"चाचपड्या," ती दबक्या आवाजात म्हणाली, "तिथे कोण आहे?"

"तिथे कोणी गेल्याची नोंद नाही," चाचपड्या म्हणाला. "सकाळी डोंगर हलल्यापासून दालनाचं दार बंद आहे. आत एकही दिवा चालू नाही."

"मग हे काय आहे?"

चाचपड्याची लांब मऊ बोटं उघडली, मिटली, पुन्हा उघडली.

आता हा चाचपड्या कोण, डोंगर का हलला, आणि ही मुलगी तिथे काय करत होती, हे आधी सांगून टाकते. नाहीतर तुम्ही म्हणाल, बाई भुताची गोष्ट सांगायला बसली. भुताची नाहीये. पण घाबरायचं असेल तर खुशाल घाबरा, केतकीचीही तेव्हा पाचावर धारण बसली होती.

केतकीचे आबा, म्हणजे डॉ. वामन सुर्वे, अंधार सांभाळायचे. खरंच तसं! वाघबिळाच्या पोटात, लांबलचक बोगद्याच्या शेवटी, एक भलंमोठं दालन खोदलेलं होतं. दालनाच्या मधोमध काचेची प्रचंड टाकी आणि टाकीत अतिशय शुद्ध पाणी. चारी भिंतींवर, छतावर, काचेचे गोळे बसवलेले होते. त्यांना म्हणायचे प्रकाशनेत्र (प्रकाशाचा एकेक कण टिपणारी उपकरणं). ताऱ्यांच्या पोटातून न्यूट्रिनो (कशालाही न अडता आरपार जाणारे अतिसूक्ष्म कण) सुटतात. ते डोंगरातून जातात, तुमच्या-माझ्यातूनही जातात, आत्ताही जाताहेत. क्वचित एखादा टाकीतल्या पाण्याला धडकतो आणि निमिषभर प्रकाशाची एक ठिणगी उडते. ती टिपायची, तर बाकी सगळा अंधार हवा. साधासुधा नाही, मिट्ट. गावातले लोक त्या जागेला काळोखशाळा म्हणायचे आणि संध्याकाळनंतर तिच्या बाजूला फिरकायचे नाहीत.

काळोखशाळेत एक विचित्र रीत होती. दालनात जायच्या आधी सगळ्यांनी एका अंधाऱ्या खोलीत बसून राहायचं. तिचं नाव निवायची खोली. कारण उन्हातून आलेल्या माणसाचे कपडे, बुटांच्या नाड्या, शर्टाची बटणं, सगळं किंचित चमकत असतं. आपल्या डोळ्यांना ते कळत नाही, पण प्रकाशनेत्रांना कळतं. ती चमक विझेपर्यंत, म्हणजे माणूस 'निवेपर्यंत', थांबायचं. केतकी सुटीत आबांकडे राहायला आली तेव्हा पहिल्याच दिवशी त्या खोलीत बसली होती. तिच्या केसांतली चांदणीची क्लिप अंधारात हिरवी चमकत होती. ज्याला आपण उगाच 'रेडियम' म्हणतो ना, तसल्या रंगाची. ती मंद मंद होत गेली, पण काही केल्या पूर्ण विझेना. शेवटी आबांनी ती काढून बाहेर ठेवायला लावली. "हिला निवायला उद्या उजाडेल," ते म्हणाले होते.

आणि चाचपड्या होता काळोखशाळेचा यंत्रमानव. त्याला डोळे नव्हते. अंधारातच काम करायचं, तर डोळे हवेत कशाला? तो बोटांनी चाचपडत दालनात फिरायचा आणि प्रकाशनेत्र पुसायचा. त्याला बोलायला आबांनी शिकवलं होतं, त्यामुळे तो त्यांच्यासारखाच मास्तरकी करायचा. एकच गोष्ट त्याला जमत नसे. खात्री असल्याशिवाय तो काही बोलू शकत नसे.

त्या दिवशी सकाळी आबा पंप-बोगद्यात गेले होते. हा पंप-बोगदा म्हणजे दालनाच्या बाजूची एक अरुंद वाट, दोघांच्या मधे एक दार. तिथे दिवे चालतात, घड्याळं चालतात, निवण्याची भानगड नसते. आबा पंपाची गळती बघत असताना भूकंपाचा धक्का बसला. लहानसाच. गावात भांडीसुद्धा पडली नाहीत. पण दालनाकडे जाणारा मोठा बोगदा आणि पंप-बोगदा दोन्ही खचले, वीज गेली, आणि आबा आत अडकले.

तेव्हापासून त्यांचा काहीच पत्ता नव्हता.

बाहेर माळावर बचाव पथकाचं यंत्र येऊन उभं राहिलं होतं. वरून डोंगराला भोक पाडायचं, त्यातून नळी सोडायची, हवा पोचवायची आणि मग माणूस काढायचा. यंत्र एकच होतं. एका जागी भोक पाडायला संध्याकाळ होणार होती. पथकाचे प्रमुख शेलार साहेब सरळ बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी केतकीच्या देखतच सांगितलं, की आतली हवा फार तर रात्रीपर्यंत पुरेल. जागा चुकली, तर दुसरं भोक पाडायला वेळ उरणार नाही.

"सरांच्या जागा कळवणाऱ्या बिल्ल्याची शेवटची खूण पंप-बोगद्यातून आली होती," नाईकवाडी मॅडम म्हणाल्या होत्या. मॅडम काळोखशाळेच्या संचालक, आणि एके काळी आबांच्या विद्यार्थिनी. त्यांचे डोळे लाल झाले होते, आवाज मात्र स्थिर होता. "तिथेच भोक पाडा."

यंत्र पंप-बोगद्याच्या डोक्यावर नेऊन लावायचं काम सुरू झालं. आणि केतकीला कोणी काही काम देईना, म्हणून ती या खोलीत येऊन बसली. "मला आबांचं दालन दाखव," ती चाचपड्याला म्हणाली, दुसरं काहीच सुचलं नाही म्हणून. भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर दालन पूर्ण काळं दिसत होतं. चाचपड्याने बाजूची छोटी स्क्रीन लावली. तिच्यात हा हिरवा डाग होता.

"मोठ्या स्क्रीनवर का नाही तो?" केतकीने विचारलं.

"मोठ्या स्क्रीनला गाळणी आहे. सावकाश मंद होणारा कुठलाही उजेड ती गाळून टाकते. कोणीतरी निवायच्या आधीच आत गेलं, असं ती समजते. हे चित्र गाळलेलं नाही."

केतकी पुन्हा बघू लागली. खोलीत पंख्याचीही घरघर नव्हती. कोपऱ्यातल्या नळातून थेंब पडल्याचा आवाज येत होता. टप्. बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टप्. हिरवा डाग मालवत चालला होता. गावातल्या एका मुलीने तिला सांगितलं होतं, की डोंगर खोदला तेव्हा त्यातलं काहीतरी जागं झालंय आणि ते अंधारात डोळा उघडझाप करतं. तेव्हा केतकी हसली होती. आत्ता तिला हसू येत नव्हतं. उठून बाहेर उन्हात पळावं, असं तिच्या पायांना वाटत होतं. पण आत आबा होते, म्हणून ती बसून राहिली.

"पंप-बोगद्यात भिंतीवर हिरवे बाण असतात ना?" ती म्हणाली. "वीज गेली की बाहेरची वाट दाखवणारे. त्यांचा उजेड फटीतून येत असेल का?"

"नाईकवाडी मॅडमनाही तसंच वाटलं. त्यांनी सकाळी एकदा बघितलं, 'बाणांचा निवता उजेड आहे' म्हणाल्या आणि गेल्या. बाणांना स्फुरदीप्त रंग असतो. स्फुरदीप्ती (प्रकाश साठवून ठेवून नंतर अंधारात सोडत राहणे) हा त्या रंगाचा गुण आहे."

"प्रकाश साठवतो म्हणजे काय? डब्यात भरून ठेवतो?"

"डब्यात नाही. जिन्यात," चाचपड्या म्हणाला, आणि केतकीला क्षणभर आबाच बोलताहेत असं वाटलं. "समज, एक इमारत आहे. खाली अंगणात पुष्कळ मुलं आहेत. ही मुलं म्हणजे इलेक्ट्रॉन (अणूच्या आतले अतिशय हलके कण). रंगावर प्रकाश पडला, की मुलांना जोराचा धक्का बसतो आणि ती थेट गच्चीवर जाऊन पोचतात. मग खाली यायला लागतात. साध्या रंगात ती धावत खाली येतात, लगेच. पण या रंगात जिन्याला कोनाडे आहेत. उतरता उतरता मुलं कोनाड्यात शिरतात आणि बसून राहतात."

"लबाड आहेत."

"लबाड नाहीत, अडकतात. त्या रंगाला स्वतःची थोडी ऊब असते. त्या उबेमुळे कोनाड्यातल्या मुलांना अधूनमधून ढोसणी बसते. ज्याला बसली ते बाहेर पडतं आणि खाली उडी मारतं. प्रत्येक उडीला प्रकाशाचा एक कण सुटतो. तो फोटॉन (प्रकाशाचा सगळ्यात लहान तुकडा). अशा उड्या चालू राहतात, तोवर रंग चमकत राहतो."

केतकीने ते चित्र डोळ्यांसमोर आणून बघितलं. "सुरुवातीला कोनाडे भरलेले, म्हणून उड्या भराभर. मग मुलं कमी उरतात, म्हणून उड्याही कमी. म्हणून माझी क्लिप आधी झटकन मंद झाली आणि नंतर रेंगाळत राहिली?"

"बरोबर."

"आणि शेवटी जिना रिकामा." ती थांबली. तिने स्क्रीनकडे बघितलं. "चाचपड्या, जिना आपोआप पुन्हा भरतो का?"

"नाही. पुन्हा भरायला पुन्हा प्रकाश लागतो."

"मग हा उजेड पुन्हा पुन्हा वाढतोय कसा?"

चाचपड्याची बोटं मिटली आणि तशीच राहिली. केतकीने त्याला सकाळपासूनच्या उजेडाचा आलेख (कमी-जास्त दाखवणारी रेघ) दाखवायला सांगितलं. रेघ उतरत होती, मग ताडकन वर चढत होती, पुन्हा उतरत होती, पुन्हा चढत होती. करवतीच्या दात्यांसारखी. केतकी स्क्रीनच्या आणखी जवळ सरकली. भीती अजून होतीच, पण आता तिच्यात दुसरं काहीतरी मिसळलं होतं.

"आबांच्या हातात कुठलं घड्याळ होतं?"

"चावीचं. जाड काट्यांचं. काट्यांना स्फुरदीप्त रंग आहे. पंप-बोगद्यात ते घालून जायला परवानगी आहे."

"आणि टॉर्च?"

"खिशात नेहमी असते."

"म्हणजे ते तिथे आहेत! दालनात! टॉर्चने काटे भरताहेत! हो ना?"

"मला 'बहुतेक' म्हणता येत नाही," चाचपड्या म्हणाला. आणि मग, जरा थांबून, "पण एक अडचण आहे. टॉर्च आहे, तर ते टॉर्चच का दाखवत नाहीत?"

केतकी दारापर्यंत गेली होती, ती मागे फिरली. खरंच की. अंधारात अडकलेला माणूस टॉर्च गरागरा फिरवेल. घड्याळाशी खेळत कशाला बसेल?

"दालनात टॉर्च लावली तर काय होतं?"

"प्रकाशनेत्र फार नाजूक आहेत. एवढ्या उजेडाने ते जळतील, म्हणून आपोआप मिटतात. मग कितीतरी वेळ उघडत नाहीत."

"आज कुठले मिटलेत?"

"दाराजवळची एक ओळ. धक्क्यानंतर लगेच. सगळ्यांना वाटलं, धक्क्याने बिघडले."

केतकी पुन्हा खुर्चीत बसली. तिला ते दिसत होतं, जणू ती तिथेच उभी होती. छत कोसळतंय, आबा टॉर्च लावून दालनाकडे पळताहेत, मधलं दार उघडून आत येताहेत, आणि त्यांच्या उजेडाने भिंतीवरचे डोळे फटाफट मिटताहेत. मग मागे दरड पडली. आणि मग आबांच्या लक्षात आलं असणार, की आता बाहेरच्या जगाशी बोलायला हे डोळेच तेवढे उरलेत, आणि टॉर्च लावली तर तेही मिटतील. म्हणून त्यांनी टॉर्च विझवली. टॉर्चचं तोंड घड्याळाच्या काचेला घट्ट चिकटवून क्षणभर लावायची, काटे भरून घ्यायचे, टॉर्च बंद करायची, आणि घड्याळ बांधलेला हात अंधारात वर धरून बसायचं. एवढा मंद उजेड डोळ्यांना सोसतो. आणि टॉर्चची बॅटरीही पुरून राहते.

मिट्ट काळोखात, एकटेच, हात वर धरून. आणि इथे सगळ्यांनी तो उजेड गाळून टाकला होता.

केतकीला रडू फुटलं. पण रडत बसायला वेळ कुठे होता? ती नाक पुसतच धावत सुटली आणि चाचपड्या तिच्या मागोमाग भिंती चाचपत निघाला.

माळावर यंत्राचा धडधडाट सुरू होणारच होता. केतकीने मॅडमचा हात ओढला आणि एका दमात सगळं सांगितलं. जिना, मुलं, कोनाडे, घड्याळ. शेलार साहेबांना त्यातलं निम्मंही कळलं नसावं. पण मॅडम पुढचं ऐकायला थांबल्याच नाहीत, तडक खोलीत आल्या. आलेख बघितला, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"ही गाळणी मी लिहिली आहे," त्या म्हणाल्या. "निवता उजेड म्हणजे कचरा, हे माझ्या इतकं अंगवळणी पडलंय की मी दुसऱ्यांदा बघितलंसुद्धा नाही. काय केलं मी हे!"

"मॅडम, ते नंतर," मागोमाग आलेले शेलार साहेब म्हणाले. "यंत्र हलवायचं का, तेवढं सांगा. हलवलं आणि सुर्वे सर पंप-बोगद्यातच निघाले, तर? एखादी तुटकी तार ठिणग्या टाकत असेल, त्या उजेडाने बाण चमकत असतील, असं होऊ शकतं का?"

मॅडमनी डोळे मिटले. "होऊ शकतं," त्या नाइलाजाने म्हणाल्या.

केतकीला त्यांचा राग आला. पण चाचपड्या तिच्या कानाशी म्हणाला, "त्या खरं बोलल्या. आता त्यांना विचार करू दे."

"तार असेल तर तिला काही विचारता येत नाही," मॅडम सावकाश बोलू लागल्या. "माणूस असेल तर विचारता येतं. दालनात प्रकाशनेत्रांची चाचणी घ्यायचे बारीक दिवे आहेत. प्रकाशनेत्रांसारखेच तेही बॅटरीवर चालतात. आपण दिवा लुकलुकवू. माणूस असेल तर उत्तर देईल." त्यांचा हात सवयीने निळ्या बटणाकडे गेला आणि वाटेतच थांबला. "नाही. निळा नाही. लाल."

"का?" केतकीने विचारलं.

"निळ्याने काटे भरतील, केतकी. निळ्या प्रकाशाच्या फोटॉनमध्ये जोर जास्त असतो. तुझ्या त्या मुलांना तो गच्चीवर पोचवतो. मग उजेड वाढला, तर सरांनी वाढवला की आपल्याच दिव्याने वाढला, कळणार कसं? लालचा धक्का हलका. मुलं जेमतेम पहिल्या पायरीवर चढतात आणि घसरून परत येतात. लालने काटे भरत नाहीत. लाल दाखवूनही उजेड वाढला, तर तो वाढवणारा कोणीतरी तिथे आहेच."

मॅडमनी लाल बटण दाबलं. एकदा. थांबल्या. पुन्हा एकदा.

छोट्या स्क्रीनवर दोनदा लाल लकेर उमटली आणि गेली. हिरवा डाग होता तसाच, मंद. केतकीने चाचपड्याचं मऊ बोट घट्ट धरलं. काही झालं नाही. नळातून थेंबाचा आवाज आला. टप्.

आणि मग हिरवा डाग गेला.

मंद होत नाही गेला. पुसल्यासारखा गेला. स्क्रीन या टोकापासून त्या टोकापर्यंत काळी. केतकीच्या मनात आलं, आबांचा हात खाली पडला. आपण उशीर केला. ती त्या काळ्याकडे बघत राहिली, आणि तो काळोख स्क्रीनमधून बाहेर येऊन खोलीत पसरतोय असं तिला वाटायला लागलं. शेलार साहेबांनी डोक्यावरचं हेल्मेट काढून हातात घेतलं, तेव्हा तर तिला ओरडावंसं वाटलं.

काळोखात हिरवा उजेड फुटला. आतापर्यंत कधी नव्हता इतका लखलखीत. तो झाकला गेला. पुन्हा उघडला. पुन्हा झाकला गेला. मग उघडाच राहिला.

"दोनदा," शेलार साहेब पुटपुटले. "आपण दोनदा दाखवला, त्यानं दोनदा दाखवला."

"या वेळी जास्त वेळ झाकून काटे भरत होते!" केतकी किंचाळलीच. "म्हणून गेला होता तो! मॅडम, आता तीनदा करा, तीनदा!"

मॅडमना बटण नीट दिसत नव्हतं, इतके त्यांचे डोळे भरले होते. केतकीनेच दाबलं. तीनदा. डोंगराच्या पोटातून उत्तर आलं, तीनदा.

शेलार साहेब तोवर बाहेर पोचले होते. "यंत्र हलवा!" त्यांचा आवाज अख्ख्या माळावर घुमला. "दालनाच्या डोक्यावर! आत्ताच्या आत्ता!"

केतकी तिथून हलली नाही. अधूनमधून ती लाल दिवा एकदा लुकलुकवायची, म्हणजे आबांना कळावं की कोणीतरी आहे. अधूनमधून हिरवा उजेड एकदा झाकला जायचा आणि उघडायचा. पुढे पुढे तो भरल्यावरही आधीइतका तेजस्वी होईना. टॉर्चची बॅटरी संपत आली होती, हे तिला कळत होतं आणि ते कोणालाही सांगायचं धाडस तिला होत नव्हतं. सूर्य कलला. यंत्र धडधडत होतं. एकदा लाल दिव्याला उत्तर यायला इतका वेळ लागला, की चाचपड्या आपणहून म्हणाला, "मी इथे आहे." तो असं आधी कधी म्हणाला नव्हता.

मग एकदम बाहेरची धडधड थांबली. यंत्राचं पातं दालनाच्या छतातून आरपार गेलं होतं. भोकातून नळी सोडली, नळीतून हवा, आणि हवेपाठोपाठ एक छोटासा फोन. सगळे कान देऊन उभे होते. बराच वेळ नुसता खोकला ऐकू आला.

"लाल दिवा कोणी लावला?" आबांचा घोगरा आवाज आला.

"मी, सर," मॅडम म्हणाल्या.

"शाब्बास. निळा लावला असतास, तर बाहेर येऊन नापास केलं असतं तुला."

मॅडम हसता हसता रडू लागल्या आणि त्यांना बघून शेलार साहेबांनी उगाचच हेल्मेटचा पट्टा नीट करायला घेतला.

भोक रुंद करून आबांना वर काढलं, तेव्हा दुसऱ्या दिवसाचं ऊन पडलं होतं. त्यांच्या डोळ्यांवर पट्टी होती. इतक्या अंधारातून आलेल्या डोळ्यांना उजेड हळूहळू दाखवायचा असतो. दवाखान्याच्या खोलीत पडदे ओढून घेतलेले होते. केतकी त्यांच्या पलंगाशी बसली होती. आबांचा उजवा खांदा आखडला होता, घड्याळाचा हात तासन्‌तास वर धरून. ते घड्याळ उजव्या हातात बांधायचे.

"आबा, टाकीतलं पाणी प्यायलात?"

"प्यालो की. इतकं शुद्ध पाणी, की त्याला काही चवच नाही. अगदी बेचव."

केतकी हसली. मग तिने जे विचारायचं होतं ते विचारलं. "आबा, तुम्हाला भीती वाटली?"

"वाटली," आबा म्हणाले. "खूप वाटली. तिथल्या अंधाराला मी इतकी वर्षं ओळखतो, पण तो दार बंद झाल्यावर वेगळाच असतो. आपलाच श्वास दुसऱ्या कोणाचा तरी वाटतो. काटे निवायला लागले, की मनात यायचं, कशाला पुन्हा भरतोस? भिंतीला डोळे आहेत, पण त्या डोळ्यांमागे कोणी नाही. गाळणी आहे. ती गाळणी लावायला मीच सांगितलं होतं मॅडमना." त्यांनी डोळ्यांवरची पट्टी चाचपली. "तरी भरायचो. म्हणायचो, आणखी एकदा. मग लाल दिवा दिसला. तेव्हा मी लहान पोरासारखा रडलो, केतकी. म्हणून उत्तर द्यायला उशीर झाला."

केतकीने त्यांच्या न आखडलेल्या खांद्यावर डोकं टेकलं.

दुपारी नाईकवाडी मॅडम आल्या. त्यांना एक नवी कल्पना सुचली होती आणि ती सांगितल्याशिवाय त्यांना राहवत नव्हतं. खाणी असोत, बोगदे असोत, जमिनीखाली माणसं जिथे जिथे काम करतात तिथे छोटे छोटे प्रकाशनेत्र बसवायचे. शेजारी एक लाल दिवा. आणि प्रत्येकाच्या मनगटावर स्फुरदीप्त रंगाची पट्टी. माणूस अडकला, तर त्याने टॉर्चने पट्टी भरायची. डोळ्यांनी बाकी सगळं सोडून एवढंच बघायचं, की निवता निवता एखादा उजेड वाढतोय का.

"चालेल?" मॅडमनी आबांना विचारलं.

"मला काय विचारतेस? तो उजेड जिच्या नजरेला पडला, तिला विचार."

केतकीने विचार केला. "चालेल," ती म्हणाली. "पण त्या डोळ्यांमागे रोज कोणीतरी माणूस बसलेला हवा. आणि आत जे अडकतील, त्यांना तो बसलाय हे कळायला हवं. लाल दिवा आधी आपण लावायचा. त्यांनी वाट बघत बसायचं नाही."

मॅडमनी मान डोलावली. आबांनी डोळ्यांवर पट्टी तशीच ठेवून चाचपत हात पुढे केला आणि केतकीने तो धरला. बाहेर चाचपड्या दाराची कडी शोधत होता, त्याला आत घ्यायला ती उठली.